उभ्याने गाणे, बसून दान

वर्गणी मागणारा दारात आला की आपण मध्यमवर्गीय माणसे आधी त्याच्या हातातल्या पावतीपुस्तकाकडे पाहतो, मग त्याच्या तोंडाकडे, आणि शेवटी शेजारच्यांनी किती दिले ते हळूच मागच्या स्थळप्रतीवर पाहून घेतो. त्यांनी एकशे एक दिले असले तर आपणही एकशे एक देतो. वरचा तो एक रुपया कशासाठी, हे कुणी विचारीत नाही. देणारा देऊन मोकळा होतो, घेणारा पावती फाडून मोकळा होतो. पैशाच्या मोबदल्यात मागणाऱ्याने काही करून दाखवावे, अशी आपली अपेक्षाच नसते. गणपतीची वर्गणी मागायला आलेल्या पोरांना ‘आधी चार वेळा पर्वती चढून या, मग देते,’ असे मी म्हटले, तर ती मला वेड्यात काढतील.

इंग्लंडात नेमके हेच चालते, आणि कुणी कुणाला वेड्यात काढीत नाही. तिथे माणूस ओळखीच्यांकडे जातो आणि सांगतो, ‘मी अमुक इतके मैल धावणार आहे’, किंवा पोहणार आहे, किंवा सायकल चालवणार आहे. ‘तुम्ही अमुक रोगाच्या संशोधनासाठी पैसे द्या.’ पूर्वी यासाठी छापील कागद घेऊन कचेरीत टेबलाटेबलावर फिरत आणि मैलागणिक किती पेन्स ते लिहून घेत. आता तो हिशेब फोनवर होतो. पण सौदा तोच : घाम माझा, पैसे तुमचे, आणि फायदा तिसऱ्याच कुणाचा तरी.

२०२४ चा उन्हाळा मी लंडनला मुलीकडे काढला. गेल्यागेल्याच एका सकाळी, चहा पिताना, ती म्हणाली, “आई, जूनमध्ये मी ब्रायटनला जाणार आहे. सायकलने. चोपन्न मैल. बाबांच्या नावाने.”

चोपन्न मैल म्हणजे सुमारे ८७ किलोमीटर. मी म्हटले, “अगं, तुझ्या पोटऱ्यांत गोळे आले म्हणून कुणाचं हृदय बरं होणार आहे का? द्यायचेच तर सरळ चेक लिही आणि मोकळी हो.”

“चेक लिहायला एक मिनिट लागतं, आई,” ती म्हणाली, आणि उठून कपबशा विसळू लागली.

आता ‘बाबांच्या नावाने’ म्हणजे काय, ते सांगायला हवे. आमचे हे जुन्या पुण्याचे, म्हणजे सायकलींच्या पुण्याचे. सदाशिव पेठेतून खडकीच्या कारखान्यात तीस वर्षे सायकलने गेले आणि आले. यांना दुसरे वेड गाण्याचे. गणपतीत गल्लीत कुठे गाणे चालू दिसले की हे थांबायचे. पण खाली उतरायचे नाहीत. एक पाय फुटपाथवर, दुसरा पेडलवर, मागे कॅरिअरला भाजीची पिशवी, आणि असा अख्खा विलंबित ख्याल ऐकायचे. इकडे फोडणी जळून मी वाट पाहते आहे आणि तिकडे हे समेची वाट पाहताहेत! “निदान बसून तरी ऐकावं माणसानं,” असे मी म्हणे. त्यावर यांचे ठरलेले उत्तर : “बसलो तर गाणं संपेपर्यंत उठता येणार नाही.” २०१९ साली एका पहाटे यांच्या छातीत दुखू लागले. रुग्णवाहिका येईपर्यंत सगळे आटोपले होते.

आपल्याकडे तेरा दिवस माणसाला दुःख करायला फुरसत मिळत नाही. कोण आले, कोण गेले, कुणाला चहा, गुरुजींना काय हवे, पाने किती. हात सतत चालू असतात. ज्यांनी हे सारे घालून दिले ते मोठे शहाणे असले पाहिजेत. पण चौदाव्या दिवशी सकाळी उठल्यावर करायला काहीच नसते. लंडनहून आलेली मुलगी त्या दिवशी परत गेली. विमानात बसल्यावर तिच्या हातांनी काय केले असेल, हा विचार त्या चहाच्या टेबलाशी बसेपर्यंत माझ्या मनात आला नव्हता.

मी वीस पौंड तिच्यापुढे ठेवले. पावती मागितली नाही.

लंडन ते ब्रायटन ही सायकलफेरी प्रथम १९७६ साली मूठभर हौशी माणसांनी काढली. ब्रिटिश हार्ट फाउंडेशन ही संस्था १९६१ साली डॉक्टर मंडळींच्या पुढाकाराने निघाली ती हृदयरोगावरच्या संशोधनाला पैसा मिळावा म्हणून. १९८० पासून ही फेरी त्या कामाशी जोडली गेली, आणि आता हजारो माणसे त्यात उतरतात. दक्षिण लंडनमधल्या क्लॅपहॅम कॉमन या मोठ्या मैदानावरून पहाटेपासून एकेक तुकडी सोडतात. जावयांबरोबर मी सकाळी सहालाच तिथे जाऊन उभी राहिले.

निघालेल्या माणसांची आपल्याकडे पाठच असते. त्या पाठींवर कागद टाचलेले होते. कुणाच्या पाठीवर ‘आईसाठी’, कुणाच्या पाठीवर एखादे नाव आणि दोन साली, कुणाच्या पाठीवर नुसता फोटो. एका दांडग्या तरुणाच्या पाठीवर तान्ह्या मुलाचे चित्र होते. त्याखाली काय लिहिले आहे ते मी वाचले नाही. पण वातावरण म्हणाल तर जत्रेचे! कुणी कोंबड्याचा वेष चढवलेला, कुणी सायकलीला घंटा आणि फुगे बांधलेले. एवढी माणसे आपापले मेलेले माणूस पाठीवर घेऊन हसत, घंटा वाजवीत चालली आहेत, असे दृश्य मी कधी पाहिले नव्हते. माझ्या मुलीच्या पाठीवर यांचा फोटो होता. सायकलीसकट. एक पाय फुटपाथवर.

आम्ही आगगाडीने ब्रायटनला पोचलो. समुद्राकाठच्या मदीरा ड्राइव्ह या रस्त्यावर फेरी संपते. तिथला किनारा वाळूचा नाही, गोट्यांचा आहे, त्यामुळे बसायला बरा नाही. मी उभीच राहिले. दुपारी तीनच्या पुढे कन्यारत्न आले. तोंड लाल, गुडघ्याला खरचटलेले, हात हँडल धरून धरून थरथरताहेत. मी काय बोलावे? इतका वेळ मनात पुष्कळ जुळवून ठेवले होते. तोंडून निघाले, “काही खाल्लंस का?”

खाल्ले होते, चांगलेच खाल्ले होते. वाटेतल्या खेड्यांत लोक घराबाहेर टेबले मांडून चहा आणि केक विकतात आणि तेही पैसे कुठल्यातरी सत्कार्याला देतात. कुणी अंगणातल्या नळीने येणाऱ्याजाणाऱ्यावर पाणी उडवून गारवा देतो. आणि ब्रायटन जवळ आले असे वाटत असतानाच डिचलिंग बीकन नावाची टेकडी आडवी येते. उंची अडीचशे मीटरांच्या आतच, म्हणजे आमच्या सिंहगडापुढे तिचे काहीच नाही. पण पंचेचाळीस मैलांहून अधिक चालवून आलेल्या पायांना तो उभा चढ नकोसा होतो. बहुतेक माणसे तिथे उतरतात आणि सायकल हाताने ढकलीत चालतात. माझी मुलगीही उतरली. तिच्या शेजारून एक म्हातारे गृहस्थ आपली सायकल ढकलीत होते. त्यांच्या पाठीवर बायकोचे नाव होते. “अर्धा तास आम्ही शेजारी शेजारी चाललो,” ती म्हणाली. “एक शब्द बोललो नाही. वर पोचल्यावर त्यांनी बाबांच्या फोटोकडे पाहिलं आणि टोपी काढली.”

यानंतर तिला रडू आले. पाच वर्षांत मी तिला यांच्यासाठी रडताना पाहिले नव्हते. तिथे त्या गर्दीत, गोट्यांवर बसून, आम्ही दोघी पोटभर रडलो, आणि मग जावयांनी आणलेले आइस्क्रीम खाल्ले.

हे झाले बसून केलेल्या दानाचे. आता उभ्याने ऐकलेल्या गाण्याचे सांगते.

जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत, आठ आठवडे, लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये जवळजवळ रोज संगीत असते. याला ‘प्रॉम्स’ म्हणतात. १० ऑगस्ट १८९५ रोजी क्वीन्स हॉल नावाच्या सभागृहात याची सुरुवात झाली. कल्पना रॉबर्ट न्यूमन या व्यवस्थापकाची, संचालक तरुण हेन्री वुड, आणि भांडवल मात्र एका घशाच्या डॉक्टरांचे! डॉक्टर कॅथकार्ट यांनी पैसे देताना अट घातली की, वाद्यांची पट्टी खाली आणा. चढ्या पट्टीने गायकांचे गळे बिघडतात, असे त्यांचे मत होते. उभ्याने ऐकणाऱ्याला तेव्हा एक शिलिंग पडे. मोठे संगीत गरिबाच्या खिशाला परवडावे, हा हेतू. १९४१ साली मे महिन्यात जर्मन बाँबने क्वीन्स हॉल भस्मसात केला. त्याच उन्हाळ्यात प्रॉम्स अल्बर्ट हॉलमध्ये गेले, ते आजतागायत तिथेच आहेत. त्या ढिगाऱ्यातून हेन्री वुड यांचा अर्धपुतळा निघाला. तो दर उन्हाळ्यात रंगमंचावर ठेवतात आणि शेवटच्या रात्री श्रोते त्याला पानांची माळ घालतात.

हॉल आहे पाच हजारांहून अधिक माणसांचा. पण गंमत अशी की, वाद्यवृंदाच्या अगदी पुढ्यातली, म्हणजे आपल्याकडे पाहुण्यांसाठी सोफे मांडतात ती जागा, सर्वांत स्वस्त असते. कारण तिथे खुर्च्याच नाहीत. त्याच दिवशी मिळणारे तिकीट काढायचे आणि तिथे उभे राहायचे. मुलीने मला खुर्चीचे तिकीट काढू का म्हणून तीनदा विचारले. मी म्हटले, “उभीच राहते. बघू तर खरं, तुझ्या बाबांना त्यात काय सापडत होतं ते.”

माझ्या एका बाजूला जाड पुस्तक मिटून छातीशी धरलेला विद्यार्थी, दुसऱ्या बाजूला माझ्याहून वयाने मोठ्या बाई, कॅनव्हासचे बूट घालून आलेल्या. नोकरांनी पियानोचे झाकण उचलले तेव्हा सारे उभे श्रोते गाडा ओढणाऱ्या हमालांसारखे एकसुरात ओरडले! ही तिथली जुनी थट्टा आहे. आणि दुसऱ्याच क्षणी अशी शांतता की, बाईंच्या मनगटावरचे घड्याळ मला ऐकू येत होते.

पुढे ब्राम्सची सिंफनी होती. मला त्यातले काय कळणार? मी आपली सम कुठे येते याची वाट पाहत राहिले. ती काही आली नाही. निदान मला ओळखू आली नाही. पण अर्ध्या तासाने एक लक्षात आले. उभ्या माणसाला गाणे पायांतून वर चढते. मोठे ढोल वाजले की जमीन हलते, आणि आपण या पायावरून त्या पायावर भार टाकतो तो नकळत लयीतच टाकतो. बसलेला माणूस गाणे ऐकतो. उभा माणूस त्यात थोडा सामील होतो. यांची जळालेली फोडणी त्या दिवशी मी माफ केली.

मध्यंतरानंतर पुढच्या ओळीतल्या दहाबारा मंडळींनी पुन्हा एकसुरात घोषणा केली. उभे श्रोते मोसमभर दारात डबे घेऊन पैसे गोळा करतात आणि ते संगीताशी संबंधित धर्मादाय कामांना देतात. आजवर किती जमले, तो आकडा ते सर्वांना ओरडून सांगतात. सर्वांत स्वस्त तिकीट काढणारा माणूस सर्वांत महाग तिकीट काढणाऱ्याकडे दुसऱ्यासाठी पैसे मागतो! मी टाळ्या वाजवल्या आणि निघताना डब्यात पाच पौंड टाकले.

त्या देशात सारे देवमाणसेच राहतात, असे मला म्हणायचे नाही. ब्रायटनला नुसत्या बिअरसाठी जाणारेही असतात, आणि प्रॉम्सच्या शेवटच्या रात्री टीव्हीवर दिसावे म्हणून निशाणे हलवणारेही असतात. शिवाय, नावासाठी पाय झिजवणे आपल्याला कुणी शिकवावे असे नाही. गाणे आणि वाट आपण वेगळी ठेवलीच नाहीत; आषाढात लाखो माणसे गातच पंढरपूरला चालत जातात आणि मैलांचा हिशेब कुणाला मागत नाहीत.

परत आल्यावर मला आठवण झाली ती भीमसेनजींची. १९५२ साली त्यांचे गुरू सवाई गंधर्व गेले, आणि पुढच्याच वर्षी शिष्याने पुण्यात त्यांच्या नावाचा महोत्सव सुरू केला. गुरूच्या वियोगाचे काय करायचे, हे त्यांना कुणी सांगितले नव्हते. त्यांनी मांडव घातला, कलावंत बोलावले आणि वर्षानुवर्षे शेवटी स्वतः गायले. आमचे हे शाल आणि थर्मास घेऊन रमणबागेत जात तो महोत्सव म्हणजे खरे पाहता एका माणसाचे न संपलेले दुःखच होते, आणि त्यावर साऱ्या पुण्याने रात्री जागवल्या.

यांच्या मागे मी तिकडे पाऊल टाकले नव्हते. आता महोत्सव मुकुंदनगरला असतो. रात्रभराच्या बैठकाही नियमांनी संपल्या. पण येत्या डिसेंबरात मी जाणार आहे. मुलगी त्या वेळी येते आहे, तिने विचारले, “खुर्ची काढायची की भारतीय बैठक?” मी सांगितले, “तुला हवं ते काढ. मी बराच वेळ मागे उभी राहीन.”