शहाण्याने कोर्टाची पायरी चढावी

एडिसन, न्यू जर्सी

प्रिय मृणाल,


तुझा मेसेज आणि तिकिटाचा फोटो मिळाला. 'आज रात्री ऑनलाइन पैसे भरते आणि मोकळी होते' असं लिहिलं आहेस. ते मात्र आज करू नकोस. फोनवरही सांगितलं असतं, पण आकडे आणि तारखा कागदावर असलेल्या बऱ्या, म्हणून हे पत्र.

आधी ते तिकीट सावकाश वाच. अधिकाऱ्याने कलम लिहिलंय ३९:४-९८, म्हणजे वेगमर्यादा. रस्त्याची मर्यादा ताशी २५ मैल, तुझा वेग ४२. बाजूच्या चौकोनांत रस्ता कोरडा होता की ओला, रहदारी किती होती, याच्या खुणा आहेत. तारीख, वेळ, ठिकाण, गाडीचा नंबर, सगळं बरोबर आहे का ते बघ आणि तो रस्ता तुला आठवतोय तसा आत्ताच लिहून ठेव. 'कोर्टात हजर राहणे आवश्यक' या चौकोनावर खूण नाही, म्हणूनच तुला घरबसल्या पैसे भरता येणार आहेत. पण पैसे भरणं म्हणजे गुन्हा कबूल करणं आणि सुनावणीचा हक्क सोडून देणं. दंडाची रक्कम तुला दिसली, पण तिच्याबरोबर लायसन्सवर येणारे पॉइंट तुझ्या लक्षात आलेले दिसत नाहीत.

हिशेब असा आहे. मर्यादेपेक्षा १४ मैलांपर्यंत जास्त असेल तर २ पॉइंट, १५ ते २९ पर्यंत ४, आणि ३० किंवा त्याहून जास्त असेल तर ५. तू १७ने वर होतीस, म्हणजे ४. तीन वर्षांच्या आत ६ पॉइंट झाले की राज्य वेगळा सरचार्ज लावतं: वर्षाला १५० डॉलर, शिवाय सहाच्या वरच्या प्रत्येक पॉइंटामागे २५. बारा झाले की लायसन्स निलंबित. इन्शुरन्सवाले आपला हप्ता वाढवतात तो निराळाच. आज ४ घेतलेस, तर पुढच्या एखाद्या साध्या चुकीला तू थेट सहावर पोचशील.

तू विचारलंस, 'मी वेगात होते हे खरं आहे, मग मी निर्दोष आहे असं कसं म्हणू? ते खोटं नाही का?' हा प्रश्न तुला पडला याचं मला फार बरं वाटलं. नाही, ते खोटं नाही. कोर्टात 'नॉट गिल्टी' म्हणणं हे शपथेवरचं विधान नसतं. आरोप राज्याने केलाय, तो राज्याने सिद्ध करावा, एवढंच त्यातून तू सांगतेस. न्यू जर्सीत वाहतुकीच्या साध्या तिकिटालाही संशयातीत पुरावा लागतो, हे आपल्या लोकांना सांगितलं तर खरं वाटत नाही. रडार वापरलं असेल तर त्या यंत्राची तपासणी केव्हा झाली, अधिकाऱ्याला ते वापरण्याचं प्रशिक्षण आहे का, हे कागद म्युनिसिपल प्रॉसिक्युटरकडे लेखी मागण्याचा तुला हक्क आहे. खोटं केव्हा होईल? साक्षीला उभी राहून 'मी पंचवीसनेच चालले होते' म्हणालीस तर. ते कधीही करायचं नाही.

आपल्या घरात सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य: शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. ते आलं जमिनीच्या दाव्यांतून. आजोबांनी लावलेला दावा नातवापर्यंत चालायचा आणि दाव्यापायी शेत वकिलाच्या घरात जायचं. त्या अनुभवातून आलेली भीती खोटी नव्हती. पण तीच भीती घेऊन आपली माणसं इथे येतात आणि इथल्या कोर्टापासूनही लांब राहतात. इथलं म्युनिसिपल कोर्ट म्हणजे बहुतेक गावांत नगरपालिकेच्या इमारतीतली एक खोली. जज बऱ्याचदा अर्धवेळ, इतर दिवशी स्वतःची वकिली करणारे. ज्यूरी नसते. सुरुवातीलाच जज सगळ्यांना त्यांचे हक्क वाचून दाखवतात: वकील घेण्याचा, गप्प राहण्याचा, सुनावणी मागण्याचा. ते वाचन मन लावून ऐक. आता पुष्कळ ठिकाणी साध्या तिकिटांचं काम व्हिडिओवरही चालतं, तरी जमलं तर प्रत्यक्ष जा असं मी सांगेन. समोर बसून दहा जणांची प्रकरणं ऐकलीस की आपली पाळी येईपर्यंत निम्मी भीती गेलेली असते.

आत गेल्यावर आधी प्रॉसिक्युटरशी बोलायचं असतं. ते राज्याचे वकील, तुझे नव्हेत, हे विसरू नकोस. पण तुझं रेकॉर्ड स्वच्छ असेल तर बहुधा तेच काहीतरी सुचवतात. दोन गोष्टी सुचवल्या जाण्याची शक्यता जास्त. पहिली, वेग कमी धरून ४ चे २ पॉइंट करणं. दुसरी, कलम ३९:४-९७.२, म्हणजे 'अनसेफ ड्रायव्हिंग'. त्यात पॉइंट शून्य, पण दंडाशिवाय २५० डॉलरचा सरचार्ज. शून्य ऐकलं की सगळे त्याच्यावर उडी मारतात. मला तो नेहमीच शहाणपणाचा सौदा वाटत नाही. ही सवलत पहिल्या दोन वेळांपुरती असते. पाच वर्षांच्या आत तिसऱ्यांदा तसं झालं की ४ पॉइंट लागतात. उलट वर्षभर एकही गुन्हा झाला नाही तर लायसन्सवरचे ३ पॉइंटपर्यंत कमी होतात, आणि डिफेन्सिव्ह ड्रायव्हिंगचा कोर्स केलास तर आणखी २ जातात, हा कोर्स पाच वर्षांतून एकदा चालतो. म्हणून जाण्याआधी इन्शुरन्स एजंटला विचार, की २ पॉइंटांनी हप्ता कितीने वाढेल. ती रक्कम २५० पेक्षा बरीच कमी असेल तर मी तुझ्या जागी २ पॉइंट घेतले असते आणि दुसरी वाट पुढच्यासाठी राखून ठेवली असती.

सौदा ठरला की मग जज तुला विचारतील, कोणी दडपण आणलं का, समजून-उमजून कबूल करतेस का, आणि नक्की काय केलंस. तिथे सरळ सांगायचं: मी २५च्या रस्त्यावर मर्यादेपेक्षा जास्त वेगाने गाडी चालवत होते. 'उशीर झाला होता', 'सगळेच तसे जात होते' हे काही लागत नाही. दंड एकदम भरणं जड असेल तर हप्ते मागता येतात. तुला ते लागणार नाही, पण शेजारच्या घरात कोणाला लागलं तर तिथल्या तिथे मागायला सांग.

मागे ओक ट्री रोडवर एका ओळखीच्या आजोबांच्या गाडीचा दुसऱ्या गाडीला धक्का लागला. त्यांच्याबरोबर मी कोर्टात गेले होते. जज काहीही विचारोत, ते 'यस सर, यस सर' म्हणून मान डोलवत होते. जजनी कागद बाजूला ठेवले, 'तुम्हाला कोणत्या भाषेत नीट समजेल?' असं विचारलं आणि मराठी दुभाषा फोनवर मिळेपर्यंत त्यांचं प्रकरण थांबवून ठेवलं. दुभाष्याचे पैसे आपल्याला द्यावे लागत नाहीत. मी भाषांतर करायला तयार होते, तर मला बसायला सांगितलं, आणि ते योग्यच होतं. घरच्या किंवा ओळखीच्या माणसाने परस्पर उत्तरं द्यायची नसतात. मग सगळे प्रश्न पहिल्यापासून झाले. तेव्हा आजोबा म्हणाले, धक्का लागला हे मान्य, पण समोरच्याचा नुकसानीचा दावाही मी मान्य करतोय असा अर्थ काढू नका. याची सोय कायद्यात आहे. 'सिव्हिल रिझर्व्हेशन' मागितलं की ती कबुली दिवाणी दाव्यात तुमच्याविरुद्ध वापरता येत नाही. अपघाताचं तिकीट असेल तर हे शब्द ज्याला माहीत असतील तो वाचतो. यासाठीसुद्धा मी सगळ्यांना सांगते, की ऑनलाइन भरून टाकू नका.

आणखी एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. मिसुरीतल्या फर्ग्युसन शहराबद्दल अमेरिकेच्या न्याय खात्याने २०१५ साली अहवाल काढला. तिथलं म्युनिसिपल कोर्ट न्यायापेक्षा शहराच्या तिजोरीसाठी चालत होतं आणि त्याचा जास्त भार गरीब कृष्णवर्णीयांवर पडत होता, असं त्यात मांडलं आहे. आपल्या राज्यातही गावचा जज बहुतेक ठिकाणी मेयर किंवा गावचं कौन्सिलच नेमतं, आणि दंडाचा काही हिस्सा त्याच गावाला मिळतो. २०१८ मध्ये न्यू जर्सीच्या सुप्रीम कोर्टाने नेमलेल्या समितीने याच दंडांवर आणि फीवर बोट ठेवलं. पुढच्याच वर्षी मुख्य न्यायाधीश स्टुअर्ट रॅबनर यांनी पंधरा वर्षांहून जुनी, किरकोळ स्वरूपाची सुमारे ७ लाख ८७ हजार प्रकरणं रद्द केली. कोणी वीस वर्षांपूर्वीचं पार्किंगचं तिकीट विसरलेला, तर कोणाकडे तेव्हा भरायला पैसेच नव्हते. ती यादी वाढत गेली, कारण माणसं कोर्टात आलीच नाहीत. जे घाबरून येत नाहीत त्यांचं लायसन्स जाऊ शकतं, वॉरंटही निघू शकतं. ज्या कोर्टात लोक येऊन बसतात, प्रश्न विचारतात, त्या कोर्टाला केवळ पैसे गोळा करण्याचं खातं होणं अवघड जातं, असं माझं ठाम मत आहे.

तेव्हा सोमवारी सकाळी कोर्टाच्या ऑफिसला फोन कर आणि 'नॉट गिल्टी' नोंदवायचं आहे असं सांग; तारखेच्या किमान ७ दिवस आधी हे कळवावं लागतं, नाहीतर दोन खेपा घालाव्या लागतील. रडारच्या कागदांसाठी प्रॉसिक्युटरला पत्र त्याच दिवशी टाक. निकाल पटला नाही तर सुपीरियर कोर्टात अपील करायला २० दिवस मिळतात, तेही कॅलेंडरवर लिहून ठेव. आणि त्या रस्त्याने जाशील तेव्हा २५नेच जा. शाळा सुटली की तिथे मुलं सायकली घेऊन रस्त्यावर उतरतात.

तुझी,
मावशी