टिपवाल्याची परीक्षा

ऐंशी टक्के टिपा बरोबर येऊनही खिसा रिकामा होऊ शकतो, हे माझ्या भाच्याला पटवायला तिरुनागेश्वरम ते कुंभकोणम एवढा रस्ता पुरला नाही. आम्ही राहूचं देऊळ करून परतत होतो. बहिणीनं नवग्रह यात्रा काढली होती. आपल्याकडची बरीच माणसं आताशा जातात तशी: कुंभकोणमला मुक्काम ठेवायचा, गाडी ठरवायची आणि कावेरीच्या मुलखात विखुरलेली नऊ ग्रहांची नऊ देवळं एकेक करून घ्यायची. सूर्यनारकोविलला सूर्य, कंजनूरला शुक्र, आलंगुडीला गुरू. यात्रेचं कारण मागच्या सीटवर बसलं होतं. मुलाच्या नोकरीचं काही जमेना, ग्रह तरी बघून घेऊ, असं तिचं म्हणणं. मुलानं स्वतःपुरती वेगळी सोय बघितली होती. टेलिग्रामवरचा एक चॅनेल इंग्लिश फुटबॉलच्या टिपा द्यायचा आणि ‘व्हीआयपी’ गटात घ्यायला महिन्याला दोन हजार रुपये मागायचा.

“मामा, रेकॉर्ड बघ ना,” म्हणत त्यानं फोन पुढे केला. हिरव्या खुणांची रांगच्या रांग. शंभरातल्या ऐंशी बरोबर.

मी विचारलं, भाव काय होते? तो म्हणाला, ते कशाला, बरोबर आल्यात ना. सगळी गोम इथेच आहे. वरच्या क्रमांकाचा संघ घरच्या मैदानावर तळाच्या संघाशी खेळत असताना वरचाच जिंकणार असं कोणी दर आठवड्याला सांगत असेल, तर तो ऐंशीदा बरोबर येईलच. त्यासाठी फुटबॉल कळावं लागत नाही, गुणतक्ता वाचता आला की झालं. पण अशा सामन्याला बुकी भाव देतो १.२०, म्हणजे शंभर लावले तर एकशेवीस परत. शंभर सामन्यांवर शंभर-शंभर लावा, दहा हजार गेले. ऐंशी जिंकलात, ९,६०० आले. चारशेला खड्डा, वर टिपवाल्याचे दोन हजार. उलट ज्याच्या शंभरातल्या तीसच टिपा लागतात, पण ४.०० च्या भावानं, तो दहा हजारांचे बारा हजार करून देतो, आणि त्याच्या चॅनेलवर सत्तर लाल फुल्या दिसतात. महामहम स्नानाचा पुढचा मेळा कुंभकोणमात २०२८ साली भरणार, हे भाकीत मीही करतो. गुरू साधारण बारा वर्षांनी सिंह राशीत येतो, आणि मागचा मेळा २०१६ च्या फेब्रुवारीत झाला. माझं भाकीत शंभर टक्के खरं ठरेल. त्यावर उलटी पैज घ्यायला कोणी उभा राहणार नाही, एवढंच.

भावात बुकीची कमाई आधीच कापलेली असते, हेही पोरांना कोणी सांगत नाही. सामन्यात अडीचपेक्षा जास्त गोल होतील की कमी, या दोन्ही बाजूंना १.९० भाव असेल, तर बुकीच्या लेखी ती नाणेफेक आहे. फक्त जिंकल्यावर शंभराचे दोनशे व्हायच्या ऐवजी एकशेनव्वद होतात. म्हणजे नफा राहू दे, मुद्दल राखायलाच ५२.६ टक्के वेळा बरोबर यावं लागतं. कोणाचा गुडघा दुखावलाय, कोणता गोलरक्षक बसवून ठेवलाय, ही खबर बुकीकडे टिपवाल्याच्या आधी पोचलेली असते.

कायद्याचं मी विचारून पाहिलं. तमिळनाडूनं २०२२ साली ऑनलाइन जुगाराविरुद्ध स्वतःचा कायदा केला. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदी घालणारा कायदा मंजूर केला. भाच्याला दोन्ही माहीत होते. त्याचा मुद्दा असा, की टिप विकत घेणं म्हणजे पैसे लावणं नव्हे. हा वकील व्हायला हवा होता.

हा धंदा आपल्याला नवा नाही. मुंबईत न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या भावावर आकडे लावले जायचे. साठच्या दशकात कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांनी मटका रूढ केला. त्या मटक्याच्या सावलीत दुसरा एक धंदा वाढला, आकडा सांगणाऱ्यांचा. पानाच्या टपरीवर चार्ट उघडून बसलेला, गेल्या महिन्याची ओपन-क्लोज बोटावर असलेला माणूस माझ्या पिढीतल्या अनेकांनी पाहिलाय. त्यातला पोचलेला काय करायचा? ओपनचे आकडे शून्य ते नऊ, दहाच. दहा जणांना दहा वेगळे आकडे कानात सांगायचे. संध्याकाळी नऊ जण त्याला शिव्या घालायचे आणि दहावा मटण खाऊ घालायचा. शिव्या घालणारा स्वतःच्या हरण्याची जाहिरात करत फिरत नाही, मटण खाऊ घालणारा मात्र गावभर सांगतो. टेलिग्रामनं यात फक्त माणसं वाढवली. १,०२४ जणांपासून सुरुवात करायची, निम्म्यांना ‘जास्त गोल’ सांगायचं, निम्म्यांना ‘कमी’. जे चुकले त्यांना सोडून द्यायचं आणि उरलेल्यांना पुन्हा निम्मे करायचं. पाच सामन्यांनंतर ३२ माणसं अशी उरतात की त्यांना या गृहस्थाची एकही टिप चुकलेली दिसलेली नाही. त्यांच्याकडून दोन हजार मागायला कसली भीती?

यात लबाडी तरी आहे. लबाडी नसली तरी हेच होतं, हे पटायला जास्त अवघड जातं. हजार माणसं बसवा, प्रत्येकानं नाणं उडवून शंभर टिपा द्यायच्या. त्यातल्या सुमारे अठ्ठावीस जणांच्या साठ किंवा जास्त टिपा बरोबर येतील. ते अठ्ठावीस प्रामाणिक आहेत. त्यांना स्वतःलाही वाटू लागतं की आपल्याला कळतं. बाकीचे नऊशे बहात्तर चॅनेल बंद करून दुसऱ्या उद्योगाला लागतात, आणि आपल्या फोनवर उरतात ते हे अठ्ठावीस.

२०१० च्या विश्वचषकात जर्मनीतल्या पॉल नावाच्या ऑक्टोपसनं आठपैकी आठ निकाल बरोबर सांगितले. नाणेफेकीनं असं व्हायची शक्यता २५६ त एक. जगानं त्याला डोक्यावर घेतलं. त्याच वेळी सिंगापूरच्या लिटल इंडियात मणी नावाचा एक पोपट पत्ते काढत होता. अस्सल तमिळ वळणाचा किळी जोसियम, म्हणजे पिंजऱ्यातला पोपट बाहेर येतो आणि चोचीनं एक पत्ता ओढून देतो. मणीनं उपांत्यपूर्व फेरीचे चारही सामने बरोबर काढले, स्पेन जर्मनीला हरवणार हेही काढलं, आणि अंतिम सामन्यात नेदरलँड्स काढलं. स्पेन जिंकलं, पॉल अमर झाला, मणी विसरला गेला. दोघांच्या फुटबॉलच्या ज्ञानात काही फरक होता असं मला वाटत नाही. पोपटांचं नशीब एकंदर वाईटच. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत कडलूरला एका पोपटानं पीएमकेच्या उमेदवाराचा पत्ता काढून दिला, तर वनखात्यानं पोपटवाल्यालाच ताब्यात घेतलं, कारण हे पोपट पाळणं वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. निकाल लागला तेव्हा तो उमेदवारही पडला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सारंगपाणी सन्निधी रस्त्यावर रामानुजन यांचं घर पाहायला गेलो. बहीण देवळात, आम्ही दोघं घरात. घर लहान. रस्त्याकडच्या खिडकीशी एक खाट. वडील साडीच्या दुकानात कारकून, मुलगा कुंभकोणमच्या सरकारी कॉलेजात गणित सोडून बाकी विषयांत नापास होऊन शिष्यवृत्ती घालवून बसलेला. हाच मुलगा पुढे मद्रासच्या पोर्ट ट्रस्टमध्ये कारकून असताना जानेवारी १९१३ मध्ये केंब्रिजच्या हार्डी या गणितज्ञाला पत्र लिहितो. पत्रात सूत्रंच सूत्रं, सिद्धता जवळजवळ नाही. अनोळखी माणूस, दूरचा देश, थक्क करणारे दावे आणि पुरावा शून्य. भाचा हे वाचून म्हणाला, “मग हा पण टिपवालाच झाला की.” मला त्याचं कौतुक वाटलं. हार्डीलाही सुरुवातीला साधारण हाच संशय आला होता.

पण हार्डीनं काय केलं ते बघण्यासारखं आहे. त्यानं आपला सहकारी गणिती लिटलवुड याला बोलावलं आणि दोघं सूत्रं तपासत बसले. काही आधीच ठाऊक असलेली निघाली. काही त्याला स्वतःला सिद्ध करता आली, पण वाटलं होतं त्यापेक्षा कितीतरी जास्त घाम गाळून. आणि काहींपुढे तो हतबुद्ध झाला. त्या शेवटच्या सूत्रांबद्दलचा त्याचा निवाडा असा, की ती खरीच असणार, कारण असलं काही खोटं रचायला लागणारी कल्पनाशक्ती भामट्याकडे असूच शकत नाही. त्या तोडीच्या भामट्यापेक्षा थोर गणिती सापडणं जास्त संभवतं. म्हणजे हार्डीनं दावा किती मोठा आहे हे मोजलं नाही, तो खोटा करायला किती अवघड आहे हे मोजलं. आणि रामानुजन यांचं सगळंच बरोबर होतं असंही नाही. दिलेल्या संख्येपर्यंत मूळ संख्या किती हे सांगणारं त्यांचं सूत्र चुकीचं निघालं. ते चुकीचं आहे हे दाखवता आलं, कारण त्यांनी ते कागदावर स्पष्ट मांडून पोस्टात टाकलं होतं.

हीच फूटपट्टी मी भाच्याच्या चॅनेलला लावतो. हिरव्या खुणा करायला काय लागतं? काही नाही. चुकलेली टिप पुसून टाकायला एक बोट. जिंकलेल्या पैजेचा स्क्रीनशॉट बनवायला दोन मिनिटं. ‘आतली खबर आहे, मॅच फिक्स आहे’ असं लिहायला त्याहून कमी. इथे खोटं फुकट आहे आणि खरं जाणणारा दुर्मीळ, म्हणजे हार्डीच्या तराजूची दोन्ही पारडी उलटी.

मग खोटं करायला महाग असं काय आहे? सामना सुरू व्हायच्या आधी, सगळ्यांना दिसेल अशा जागी, भावासकट, किती लावायचे त्या आकड्यासकट मांडलेली टिप, आणि अशा सगळ्या टिपा, चुकलेल्यांसह. तो भावही असा हवा की टिप वाचून माझ्यासारख्यालाही मिळाला असता. टिपवाला २.१० लिहितो आणि गटातल्या शेकडो लोकांनी धाव घेतल्यावर आपल्याला १.९५ मिळतो, तर त्याचा हिशेब आपल्या काही कामाचा नाही. यातली एक खूण मला सगळ्यात भरवशाची वाटते. बुकींचा भाव सामना सुरू होताना कुठे येऊन टेकतो ते पाहायचं. या माणसानं सांगितल्यानंतर, त्याच्या गटाच्या धक्क्यानं नव्हे तर मोठ्या बाजारात, भाव पुन्हापुन्हा त्याच्याच दिशेनं सरकत असेल, तर त्याला इतरांच्या आधी काहीतरी दिसतंय. टिप लागो न लागो. हरल्यावर ‘रिकव्हरी’ म्हणून पुढच्या पैजेला दुप्पट लावायला सांगणाऱ्याला मात्र तिथेच रामराम करावा.

आणि त्याचं पोट कशावर चालतं हे विचारावं. अशा कित्येक चॅनेलांवर पैज लावायच्या साइटची लिंक असते. त्या लिंकवरून गेलेला माणूस जेवढं हरेल, त्यातला ठरावीक हिस्सा लिंक देणाऱ्याला मिळतो. आपण हरलो की ज्याला पैसे मिळतात त्याच्याकडून आपण जिंकायचा सल्ला घेतो. शिवाय खरोखर जिंकून देणाऱ्याला बुकी फार दिवस खेळू देत नाहीत. त्याची मर्यादा इतकी खाली आणतात की खेळण्यात अर्थ उरत नाही. तरी तो दोन हजारांना आपलं गुपित वाटत बसतो, हे मला कधी कळलेलं नाही.

तिरुनळ्ळारच्या वाटेवर भाच्यानं सरळ प्रश्न टाकला. समज, माणूस खरा आहे. १.९० च्या भावावर पंचावन्न टक्के बरोबर येतो. कधी कळेल? मी फोनवरच आकडेमोड केली. पंचावन्न टक्के म्हणजे शंभरामागे साडेचार रुपये नफा. महिन्याला वीस टिपा, पाचशेची पैज, दहा हजारांच्या उलाढालीवर साडेचारशे रुपये. फी दोन हजार. म्हणजे टिपवाला अस्सल निघाला तरी दरमहा दीड हजाराचा तोटा ठरलेला. हे ऐकून तो जरा गप्प झाला, पण कळायला किती दिवस हे काही सोडेना. पंचावन्न आणि बावन्न पूर्णांक सहा यातला फरक निव्वळ नशिबाचा नाही असं जरा ठामपणे म्हणायला साधारण अठराशे टिपा लागतात. वीसनं भागा, नव्वद महिने. साडेसात वर्षं.

पुढच्या सीटवरून बहीण मागे वळली. “म्हणजे साडेसातीच की रे दादा!” तिला हिशेब प्रथमच पटला होता.

नळतीर्थावर गर्दी होती. बहीण तेल लावून डुबकी मारून आली, भाच्यालाही तिनं सोडलं नाही. ओल्या केसांनी पायरीवर बसून त्यानं चॅनेलवाल्याला निरोप टाकला: गेल्या वर्षभराच्या सगळ्या टिपा, वेळ आणि भाव घालून, मिळतील का? “ब्रो, व्हीआयपी जॉइन कर, सगळं मिळेल,” असं उत्तर लगेच आलं. यानं पुन्हा विचारलं, हरलेल्याही हव्यात. शनीचं दर्शन घेऊन आम्ही चपला घालेपर्यंत त्याला गटातून काढून टाकलेलं होतं.

बहिणीच्या मते हे शनीमहाराजांनीच केलं, आणि तेही किती तातडीनं. एवढ्या एका नमुन्यावरून काय ठरतं, हे मी तिला विचारलं नाही. गाडीत बसल्याबसल्या तिनं केतूच्या देवळाची वेळ काढली.