बोटावरची शाई

प्राध्यापकाच्या नोकरीत निवडणुकीचे काम सहसा चुकत नाही. १७ एप्रिल २०१४ रोजी लोकसभेच्या मतदानासाठी पुण्यातल्या एका शाळेत माझी नेमणूक होती आणि शाईची बाटली दिवसभर माझ्याकडे होती. समोर येणाऱ्याच्या डाव्या हाताची तर्जनी धरायची, नख आणि कातडी दोन्हींवर रेघ ओढायची आणि त्याला पुढे पाठवायचे. संध्याकाळपर्यंत माझीच तीन बोटे काळी झाली होती, आणि मला त्याचे थोडे कौतुकही वाटत होते. या शाईत सिल्व्हर नायट्रेट असते. उजेड लागला की ती काळी पडते, साबणाला दाद देत नाही. नख वाढते तशी रेघ पुढे सरकते आणि शेवटी नखाबरोबर कापली जाते. १९६२ पासून आपल्या निवडणुकांना ती म्हैसूरचा सरकारी कारखाना पुरवतो. तिथून ती कंबोडिया, नेपाळ, अफगाणिस्तान अशा देशांतही गेलेली आहे.

दोन दिवसांनी माझा एक अफगाण विद्यार्थी विभागात आला. त्या काळात पुण्यात बरीच अफगाण मुले शिकत असत. हा गझनी प्रांतातला, इंग्रजी साहित्याच्या एम.ए.ला होता. प्रबंधिकेविषयी बोलता बोलता त्याची नजर माझ्या बोटांवर गेली आणि त्याने हिंदीत विचारले, "सर, हे कशाने जातं?" मी मोठ्या अभिमानाने म्हणालो, "कशानेच नाही."

तो हसला नाही. चौदा दिवसांपूर्वी, ५ एप्रिलला, त्यांच्याकडे अध्यक्षपदाच्या निवडणुकीची पहिली फेरी झाली होती. त्याच्या वडिलांनी शहरात जाऊन मत दिले होते. लिंबू झाले, कपड्यांचे ब्लीच झाले, पण डाग निघेना. गावाकडच्या रस्त्यावर तालिबानची माणसे गाड्या थांबवून बोटे पाहतात, म्हणून आईने फोनवर बजावले होते की बोट स्वच्छ झाल्याशिवाय घरी येऊ नका. वडील शहरात मेहुण्याकडे नख वाढण्याची वाट पाहत बसले होते.

सोस्यूर शिकवताना चिन्ह, चिन्हक, चिन्हित हे शब्द मी फळ्यावर किती वेळा लिहिले असतील! पण एकच रेघ केंद्राधिकाऱ्याला 'याने मत दिले' असे सांगते आणि दहा मैलांवर बंदूकधाऱ्यालाही नेमके तेच सांगते, हे उदाहरण मला कधी सुचले नव्हते. दोन्ही वाचक तिचा अर्थ बरोबरच लावतात, हीच खरी अडचण.

त्या मुलाने आणखी एक प्रश्न केला होता. तुमच्याकडे मतदारांची यादी असते, मग शाई कशाला? मी म्हणालो, यादीला जोड म्हणून. तो म्हणाला, आमच्याकडे यादीच नाही. ते खरे होते. २००४ च्या पहिल्या अध्यक्षीय निवडणुकीपासून तिथे कार्डे वाटली गेली. कार्डधारकाने कुठल्याही केंद्रावर जाऊन मत द्यावे. २०१४ पर्यंत अंदाजे सव्वा कोट पात्र मतदारांसाठी दोन कोटींहून अधिक कार्डे निघाली होती. म्हणजे 'एकाला एकच मत' या तत्त्वाचा सारा भार बोटावरच्या डागावर! ९ ऑक्टोबर २००४ रोजी काही केंद्रांवर तो डाग पुसला जातो असे दिसताच करझाईंच्या विरोधातल्या उमेदवारांनी दुपारपर्यंत बहिष्कार जाहीर केला. दिसणारी खूण नसेल तर निकाल कोणी मानणार नाही, हा धडा त्या दिवशी सगळेच शिकले. दक्षिण आफ्रिकेत १९९४ मध्ये अतिनील दिव्याखालीच दिसणारी शाई वापरली होती. तशी शाई गझनीतल्या म्हाताऱ्याला सोयीची झाली असती. पण केंद्राबाहेर उभ्या असलेल्या प्रतिस्पर्ध्याला डोळ्यांनी दिसेल तेच पटत होते.

बाहेरून मदतीला आलेल्यांना धोका नव्हता असे मी म्हणणार नाही. २८ ऑक्टोबर २००९ रोजी काबूलमधल्या एका अतिथिगृहावर हल्ला झाला आणि संयुक्त राष्ट्रांचे पाच कर्मचारी मारले गेले. निवडणुकीच्या कामावर आलेली माणसे तिथे राहत होती. पण त्यांच्या बोटावर शाई नव्हती. दर निवडणुकीला पेट्या, मतपत्रिका, निरीक्षक, विमाने आली. यादीचे रटाळ, वर्षानुवर्षांचे काम मात्र पुढे ढकलले गेले. माझी तक्रार तेवढीच आहे.

१४ जून २०१४ ला दुसरी फेरी झाली. हेरातमध्ये तालिबानने अकरा मतदारांची शाई लागलेली बोटे छाटली. आठवड्यांपूर्वीचा तो प्रश्न मी बातमी वाचताना पुन्हा ऐकला. पुढे ऐंशी लाखांच्या घरातल्या सगळ्या मतांची फेरतपासणी झाली, आणि शेवटी घनी अध्यक्ष व अब्दुल्ला मुख्य कार्यकारी असा तोडगा वाटाघाटीतूनच निघाला.

यादी अखेर २०१८ मध्ये सुरू झाली. तेव्हा नोंदणी केल्याची खूण म्हणून ओळखपत्रावर, म्हणजे 'तझकिरा'वर, चिकटपट्टी लावत. रस्त्यावर तपासणीत ती सापडेल, ही भीती लगेच निर्माण झाली. २०१९ मध्ये बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचे छायाचित्र घेणारी यंत्रे आली. छायाचित्राच्या अटीमुळे बायका घरी राहतील, असे तिथल्या कार्यकर्त्या स्त्रिया आधीच सांगत होत्या. खूण बोटावरून कागदावर गेली, कागदावरून यंत्रात. शहाण्णव लाखांवर नोंदणी झालेली असताना वैध मते अठरा लाखांच्या आसपास पडली. त्यांत एक मतदार असा होता की २०१४ मध्ये त्याचे बोट कापले गेले होते. त्याने दुसऱ्या हाताच्या बोटाला शाई लावून घेतली आणि दोन्ही हात दाखवणारे छायाचित्र प्रसिद्ध केले. ते छायाचित्र मी वर्गात दाखवायला नेले होते. दाखवले नाही.

ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबान काबूलमध्ये आले आणि डिसेंबरात त्यांनी निवडणूक आयोगच बरखास्त केला. माझा विद्यार्थी तोवर युरोपात पोचला होता. त्याचा फोन आला तेव्हा मी घरच्यांची चौकशी केली. वडील ठीक होते. मतदार-कार्डे आईने तंदुरात टाकली होती, तिन्ही.

तीन कशी, मी विचारले.

दर वेळी नवे देत होते सर, तो म्हणाला. जुने कोणी परत मागितलेच नाही.