शहामृगाच्या कवचातला महाराष्ट्र

१/ सेनगावच्या एखाद्या शाळेत ‘शहामृग कुठला पक्षी?’ असे विचारले, तर क्षणाचाही विलंब न लागता उत्तर येईल : आफ्रिकेचा. आजच्यापुरते ते बरोबर आहे. पण सुमारे २५,००० वर्षांपूर्वी ते अपुरे ठरले असते. त्या काळी महाराष्ट्राच्या भूमीवरही शहामृग वावरत होता आणि त्याच्या अंड्याचे कवच येथील माणसाच्या हातात होते.

२/ या गोष्टीचा पुरावा सेनगावच्या वायव्येला, जळगाव जिल्ह्यातील चाळीसगाव तालुक्यात मिळाला. अजिंठा-सातमाळा रांगेच्या उत्तर पायथ्याशी पाटणे नावाचे गाव आहे. पाटणादेवीचे मंदिर, जवळची पितळखोरे लेणी आणि गणिती भास्कराचार्यांच्या घराण्याची माहिती देणारा शिलालेख यांमुळे हा परिसर इतिहासप्रेमींना परिचित आहे. त्याचे सर्वांत जुने वैभव मात्र मातीखाली होते.

३/ १९७२-७३ मध्ये पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांनी येथे उत्खनन केले. उत्तर पुराश्मयुगाच्या थरात दगडी हत्यारांबरोबर शहामृगाच्या अंड्याची कवचे आणि त्यांपासून घडवलेले मणी सापडले. रेडिओकार्बन पद्धतीने त्यांचा काळ सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचा ठरला.

४/ त्यांतील एक तुकडा विशेष महत्त्वाचा आहे. त्यावर समांतर रेषांच्या मध्ये एकमेकींना छेदणाऱ्या तिरप्या रेषा कोरल्या आहेत. भारतात अन्यत्र मिळालेल्या अनेक कवचांवरील ‘नक्षी’ ही झाडांच्या मुळांनी उमटवलेली खूण निघाली. पाटण्याच्या तुकड्यावरील रेषा मात्र मानवी हाताच्या आहेत. महाराष्ट्रातील कलेचा इतिहास लिहायचा, तर त्याचे पहिले पान या कवचाचे आहे.

५/ मणी घडवणे हे चिकाटीचे काम होते. कवचाचा लहान तुकडा घ्यायचा, अणकुचीदार दगडाने त्याला भोक पाडायचे, कडा टवकून गोल करायच्या, मग घासून गुळगुळीत करायच्या. कलहारीच्या वाळवंटातील सान लोकांनी ही कला अलीकडच्या काळापर्यंत जपली. रिकामे अंडे ते पाणी साठवायलाही वापरत.

६/ शहामृगाच्या एका अंड्यात कोंबडीच्या सुमारे दोन डझन अंड्यांइतका ऐवज असतो. भुकेल्या टोळीला ती मेजवानीच. पण मण्याने भूक भागत नाही, थंडीही वाजायची थांबत नाही. तो गळ्यात घालायचा, तर पाहणारा कोणीतरी हवा. म्हणूनच हा इवलासा मणी त्या माणसांच्या समाजाविषयी हत्यारांहून अधिक सांगून जातो.

७/ मध्य प्रदेशातील भीमबेटका येथे एका मानवी दफनात गळ्याजवळ असेच मणी मिळाले. ही शैलाश्रयांची वसाहत १९५७ मध्ये जगासमोर आणणारे विष्णु श्रीधर वाकणकर हे मराठी भाषक. राजस्थान, मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र मिळून शहामृगाच्या कवचांची ४० हून अधिक स्थळे ज्ञात आहेत.

८/ कवचे व्यापारातून आली असतील, ही शंकाही फिटली. २०१७ मध्ये हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रातील संशोधकांनी सहकाऱ्यांसह राजस्थान व मध्य प्रदेशातील कवचांतून प्राचीन डीएनए मिळवला. तो आफ्रिकी शहामृगाशी जवळचे नाते सांगतो. हा पक्षी येथलाच रहिवासी होता.

९/ मग तो गेला कुठे? न्यूझीलंडमध्ये तेराव्या शतकाच्या सुमारास माणूस पोहोचला आणि दीड-दोन शतकांत तेथील महाकाय मोआ पक्षी संपले. भारतात माणूस आणि शहामृग दीर्घकाळ शेजारी राहिले. हवामान पालटत गेले, गवताळ प्रदेश बदलले, अंडी गोळा करणारे हातही होते. एका पिढीला जाणवावे असे काही घडले नसेल. आजोबांनी पाहिलेले कळप नातवाने पाहिले नसतील, इतकेच.

१०/ विस्मरण किती पूर्ण होते, हे भाषा सांगते. फारसीत या पक्ष्याला ‘शुतुर्मुर्ग’, म्हणजे उंटपक्षी, म्हणतात. मराठीतील ‘शहामृग’ही त्याच वळणाचा शब्द आहे, त्यातला ‘मृग’ हरीण नव्हे, तर ‘मुर्ग’ म्हणजे पक्षी. जो पक्षी या मातीत अंडी घालत होता, त्याला नाव द्यायला परभाषेकडे जावे लागले.

११/ दुसऱ्या एका पक्ष्याचे नाव मात्र अस्सल मराठी आहे : माळढोक. त्याच्या नावातच माळ आहे. त्याच्यासाठी १९७९ मध्ये सोलापूरजवळ नान्नज येथे अभयारण्य झाले. मादी बहुधा वर्षाला एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. आज देशभरात हे पक्षी दीडशेच्या आसपास उरले असून त्यांतील बहुतेक राजस्थानात आहेत.

१२/ शहामृग गेला, तेव्हा नोंद ठेवणारे कोणी नव्हते. मागे राहिले ते कवच आणि त्यावरच्या रेषा. माळढोकाच्या बाबतीत मोजणी आहे, छायाचित्रे आहेत, कायदा आहे. अज्ञानाची सबब पाटण्याच्या माणसाला शोभली असती. आजच्या माणसाला ती उपलब्ध नाही. सेनगावच्या शाळेत उद्या ‘माळढोक कुठला पक्षी?’ असे विचारले जाईल, तेव्हा उत्तर वर्तमानकाळात देता यावे.