आबांची मौझर, देसायांची मानलीकर

लहानपणी माझी अशी ठाम समजूत होती की मानलीकर हे कुणाचं तरी आडनाव आहे. निपाणीकर, खानापूरकर, तसेच मानलीकर. हे मानलीकर आमच्या घरी कधी येत कसे नाहीत, असं मी एकदा आबांना विचारलंही होतं. आबा इतके हसले की त्यांच्या हातातली चिलीम विझली. "अरे, ते माणूस न्हवं. देसायांची रायफल हाय ती!"

मॅनलिखर-शोनाऊअर हे तिचं खरं नाव. गाव ऑस्ट्रियातलं, स्टायर. येळ्ळूरच्या जिभेला ते झेपलं नाही, म्हणून आम्ही तिला आमच्यातली एक करून टाकली.

आबा म्हणजे माझे आजोबा. मराठा पलटणीतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले, दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढलेले. पन्नासच्या दशकात त्यांनी एका परत जाणाऱ्या साहेबाची रायफल बेळगावच्या दुकानातून घेतली. सात मिलिमीटरची मौझर. नळीवर जर्मनीतल्या ओबर्नडॉर्फचं नाव कोरलेलं. घरातल्या बायकांना हा खर्च मुळीच पसंत नव्हता. आजी म्हणायची, "ज्या जर्मनानं तुमच्यावर गोळ्या झाडल्या, त्याचीच बंदूक पैसे देऊन घरात आणलासा?" आबांचं उत्तर ठरलेलं असे. "समोरनं सोसल्या म्हणून तर तिची किंमत कळली."

देसाई पलीकडच्या गावचे. घरात कन्नड, आमच्या पडवीत मराठी, आणि वाद रंगात आला की दोन्ही एकदम. राजहंसगडाच्या पायथ्याशी आमचं शिवार आणि त्यांचं शिवार एका बांधाला लागून होतं. भात पोटरीला आलं की रानडुकरं उतरायची, आणि एका रात्रीत दोन-तीन वाफे लोळवून जायची. राखणीला दोघे मिळून बसत. राखण कमी आणि भांडण जास्त.

भांडणाचा विषय एकच. मौझर मोठी की मानलीकर?

आबांचं म्हणणं असं, की मौझरच्या बोल्टला जी लांब नखी असते, ती काडतूस वर येताक्षणीच धरते आणि रिकामं होऊन बाहेर पडेपर्यंत सोडत नाही. रायफल उलटी धरा, आडवी धरा, काडतूस अडकायचं नाही. जिम कॉर्बेटला चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल १९०७ साली जी रिग्बी रायफल भेट मिळाली, तिच्या पोटातही मौझरचीच यंत्रणा आणि काडतूसही हेच, सात मिलिमीटरचं. हे सांगताना आबांची मान अशी ताठ व्हायची, की कॉर्बेट त्यांच्याच पलटणीत होता.

देसाई शांतपणे आपली मानलीकर मांडीवर घ्यायचे. अक्रोडाचा दस्ता थेट नळीच्या तोंडापर्यंत गेलेला. बोल्टची मूठ पळीसारखी चपटी. "आता बघ तम्मा," म्हणून ते मला बोल्ट मागे-पुढे करून दाखवत. आवाजच नाही, तेलातून बोट फिरावं तसा. आत मॅगझिनमध्ये एक फिरती लाट होती. तिच्याभोवती पाच काडतुसं गोल बसायची, आणि एक खटकी दाबली की पाचही अलगद हातात. मौझर रिकामी करायला बरेचजण बोल्ट पाच वेळा मागे-पुढे करत, याचा देसायांना कोण आनंद!

ती रायफल खरोखरच देखणी होती. आबांच्या माघारी आज कबूल करतो.

गावात तिसरी रायफल होती ती इशापूरची, तीनशेपंधरा. तिला दोघेही नाकं मुरडायचे. लाकूड साधं, चाप जड. पण तिच्यात एक गंमत दडलेली होती, आणि ती देसायांनीच बाहेर काढली. इंग्रजांनी फौजेचं तीनशेतीनचं काडतूस सामान्य लोकांना बंद केलं होतं. म्हणून हिंदुस्थानातल्या गिऱ्हाइकासाठी बीएसए कंपनीनं दुसरं काडतूस निवडलं, ऑस्ट्रियाच्या फौजेचं जुनं आठ मिलिमीटर. इशापूरनं पुढे तेच चालू ठेवलं. "म्हंजे सुभेदार," देसाई म्हणाले, "सांगाडा तुमच्या ली-एनफील्डचा, पण खाते आमच्या मानलीकरचं!" आबा दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत.

दोघांनाही दुर्बीण बसवायची हौस होती, आणि दोघांचीही ती राहून गेली. मानलीकरचा बोल्ट मागच्या पुलातून चिरत जातो, त्यामुळे दुर्बिणीला वर टेकायला जागा नाही. ती बाजूनं, उंच बसवावी लागते. मौझरची अडचण वेगळी. तिचा सेफ्टीचा खटका बोल्टच्या टोकावर निशाणासारखा फिरतो. उजवीकडे असला की सगळं बंद. उभा असला की बोल्ट उघडतो, पण बार होत नाही. डावीकडे पाडला की बार. दुर्बीण खाली बसवली तर हा खटका फिरायलाच जागा उरत नाही. आणि तो उभा असला की नेम धरताना बरोबर डोळ्यासमोर येतो. माशीच दिसत नाही. आबा त्याला शिव्या घालत. असला आंधळा खटका कुठल्या शहाण्यानं केला, म्हणून.

मानलीकरला दोन चाप होते. मागचा ओढला की पुढचा इतका हलका व्हायचा, की नुसतं बोट टेकलं तरी बार. युरोपातले शिकारी लांबच्या हरणावर नेम न हलावा म्हणून तसा चाप लावून घेत. देसायांना त्याचा फार अभिमान.

१९६८ सालची गोष्ट. मी बारा वर्षांचा. कोजागरी होऊन दोन-तीन दिवस झाले होते. आंब्यावरच्या माळ्यावर आम्ही तिघे. टॉर्चचे सेल उतरले होते, पण चांदणं बरं होतं. मध्यरात्रीनंतर खालच्या वाफ्यात भात हलायला लागलं. एक काळी, बुटकी, वाकडी आकृती, भातातून सरकत येणारी. देसायांनी मागचा चाप ओढला. त्याचा बारीक 'टक्' मला ऐकू आला. आबांनी मौझर खांद्याला लावली. खटका उभा. माशी दिसेना. तो डावीकडे पाडायला त्यांनी अंगठा उचलला, आणि देसायांचं बोट पुढच्या चापाकडे निघालं.

तेवढ्यात ती आकृती खोकली.

"ब्याड! ब्याड!" देसाई कुणाला म्हणाले, आबांना की स्वतःच्या बोटाला, कोण जाणे. आमच्याच वाटेकऱ्याची बायको होती. दावं तोडून गेलेलं रेडकू शोधत, घोंगडं डोक्यावर घेऊन वाकून चालली होती. आबांनी वरूनच तिला हाक मारली. ती म्हणाली, "सुभेदार, जागं हाय न्हवं? माझं रेडकू बघितलासा काय?"

देसायांनी बोल्ट उघडला तेव्हा त्यांचे हात इतके थरथरत होते, की काडतूस खाली चिखलात पडलं. सकाळी मी ते शोधून आणलं. त्यांनी घेतलं नाही.

त्यानंतर देसायांनी मागच्या चापाला कधी बोट लावलं नाही. आणि आबांनी त्या खटक्याला पुन्हा शिवी दिली नाही.

पुढं १९७२ चा वन्यजीव कायदा आला, शिकार संपली. ऐंशीच्या दशकात आयात बंद झाली आणि सात मिलिमीटरची काडतुसं दुकानातून दिसेनाशी झाली. तीनशेपंधराची मात्र आपल्या खडकीच्या कारखान्यातून येत राहिली. नाकं मुरडलेली इशापूर बोलत राहिली, आणि दोन युरोपियन सुंदऱ्या मुक्या झाल्या. दोघे म्हातारे तरीही दर महिन्याला पुलथ्रू, चिंदी आणि तेल घेऊन पडवीत बसत. दस्त्याला जवसाचं तेल चोळत.

निवडणूक आली की हत्यारं ठाण्यात जमा करावी लागतात. दोघे एकाच एस.टी.नं जात. १९८६ च्या जूनमध्ये कन्नडसक्तीच्या प्रश्नावरून सीमाभाग पेटला, तेव्हा काही महिने देसाई आमच्याकडे आले नाहीत, आबाही गेले नाहीत. भात पोटरीला आल्यावर मात्र एका संध्याकाळी आबा कंदील घेऊन बांधावर गेले. पलीकडून कंदील आधीच आलेला होता.

मौझरचा परवाना आता माझ्या नावावर आहे. आबांचं जुनं पुस्तक मी जपून ठेवलंय. पहिल्या पानावर मुंबई राज्याचा शिक्का, मग म्हैसूर, मग कर्नाटक. रायफल त्याच खुंटीवर, राज्यं तीन.

गेल्या दिवाळीत देसायांच्या नातवाचा फोन आला. मानलीकर वारसाहक्कानं त्याच्या नावावर झाली होती. बंगळूरला नोकरी करणारा मुलगा, बंदूक कधी हाताळलेली नाही. कन्नडमधून विचारू लागला, "अजोबा, हिला दोन चाप आहेत. साफ करताना आधी कुठला ओढायचा?"

मी म्हटलं, "आधी बोल्ट उघडून आत बघ, रिकामी आहे का. आणि हिंदिंदु मुट्टब्याड. मागच्याला हातच लावू नको."

"का?"

"दिवाळीला गावी येणार आहेस न्हवं? तेव्हा सांगतो. माळ्यापाशी जाऊन बसू."