विष्णुपुरीची वाट

नांदेड शहर मागें टाकून लातूरकडे जाणाऱ्या सडकेनें निघालें, कीं थोड्याच वेळांत विष्णुपुरी लागते. गांव मूळचें लहान, गोदावरीच्या कांठचें. परंतु गेल्या चार-साडेचार दशकांत त्याच्या भोंवतीं विद्येचें एक नगरच उभें राहिलें आहे. 1981 सालीं श्रीगुरु गोविंदसिंहजींच्या नांवाची अभियांत्रिकी संस्था येथें निघाली. 1994 च्या 17 सप्टेंबरला, म्हणजे मराठवाडा मुक्तिदिनीं, स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाची स्थापना झाली. डॉ. शंकरराव चव्हाण यांचें नांव धारण करणारें शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालयही आतां येथेंच आहे. नदीला बांध घालून अडविलेलें पाणी पंपांनीं उचलून उंचावरच्या शेतांना दिलें जातें, आणि नांदेडकरांची तहानही तेंच भागवितें. या विस्तीर्ण जलाशयाच्या कांठीं काळेश्वराचें प्राचीन देऊळ आहे.

एवढें वर्णन कोणीही प्रवासी करील. परंतु आमच्या घराला विष्णुपुरी निराळ्याच मापानें ठाऊक झाली. तें माप म्हणजे काकूंचें पाऊल.

काकू बहात्तर वर्षांच्या. ज्येष्ठांत न्हाणीघरांत पाय घसरला आणि उजव्या खुब्याचें हाड मोडलें. शस्त्रक्रिया होऊन तेथें कृत्रिम सांधा बसला. पूर्वींच्या पिढींत असें हाड मोडलें म्हणजे अंथरूण धरावयाचें, आणि तें बहुधा सुटत नसे. अमेरिकेंत ऑस्टिन मूर यांनीं 1940 सालीं खुब्यांत धातूचा भाग बसविला. पुढें इंग्लंडांत जॉन चार्नली यांनीं 1962 मध्यें धातूचा गोळा व प्लास्टिकची वाटी अशी जोडी सिद्ध केली, आणि ही गोष्ट पालटली. पण सांधा शस्त्रवैद्य देतो. चाल रुग्णालाच मिळवावी लागते.

दुसऱ्याच दिवशीं काकूंना वॉकरच्या आधारानें उभें केलें, तेव्हां घरांत कोण खळबळ उडाली! 'इतक्यांत कसें?' असें ज्यानें त्यानें विचारलें. त्याचें कारण व्यायामोपचार शिकविणाऱ्या मुलीनें समजावून सांगितलें. पडून राहिल्यानें स्नायु झपाट्यानें क्षीण होतात आणि पायांच्या शिरांत रक्त गोठण्याचें भय असतें; म्हणून निजल्या निजल्याही घोटे वर-खालीं हलवीत राहावयाचे. पोटरी सुजून दुखूं लागली किंवा एकाएकीं धाप लागली, तर मात्र घरगुती उपाय करीत न बसतां तत्काळ डॉक्टरांकडे जावयाचें.

चालतांना आपण क्षणभर एकाच पायावर असतों. त्या क्षणीं खुब्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारें अडीच ते तीनपट भार येतो. खुब्याच्या बाहेरील अंगाचा स्नायु तेव्हां कमरेला तोलून धरतो. तो दुर्बळ असला, कीं कंबर दुसऱ्या बाजूला ढळते व माणूस लंगडतो. जर्मन शस्त्रवैद्य ट्रेंडेलेनबुर्ग यांनीं 1895 सालींच हें दाखवून दिलें होतें. म्हणूनच काठी दुखऱ्या बाजूच्या नव्हे, तर विरुद्ध हातांत धरावयाची. काकूंची काठी डाव्या हातांत पाहून येणारा जाणारा प्रत्येक शहाणा त्यांना ती बदलावयास सांगे. काकू हंसून पुढें जात.

आरंभीं अंगणाच्या फाटकापर्यंत, मग कोपऱ्यावरच्या लिंबापर्यंत, पुढें विद्यापीठाच्या आवारांतील सपाट रस्त्यावर पांच मिनिटें, सकाळीं आणि संध्याकाळीं. मिनिटें आठवड्याआठवड्यानें वाढलीं. "आजी, व्यायामानंतर थोडें दुखलें तर भिऊं नका, पण दुसऱ्या सकाळींही तें उरलें, तर आदल्या दिवशीं जास्त झालें असें समजा," ही त्या मुलीची शिकवण काकूंनीं व्रतासारखी पाळली.

खरी कसोटी घरांतच होती. आमची सारी राहणीच जमिनीवरची: पाटावर जेवण, मांडी घालून पूजा, उकिडवें बसून निवडणें-टिपणें. खुबा काटकोनापेक्षां अधिक वांकवूं नये, पायावर पाय टाकूं नये, अशी डॉक्टरांची पहिल्या तीन महिन्यांची ताकीद होती. शस्त्रक्रियेच्या पद्धतीप्रमाणें हे निर्बंध पालटतात, म्हणून ज्याचे त्यानें आपल्या डॉक्टरांस विचारून घ्यावेत. आमच्याकडे देव उंच चौरंगावर गेले, काकूंना उंच खुर्ची आली, शौचकूपांत कमोड बसला.

त्याहून कठीण गोष्ट निराळीच होती. घर भरलेलें, चार सुना, मुलें, नातवंडें. काकूंनीं हात पुढें करण्यापूर्वींच तांब्या हजर होई. एके दिवशीं त्या धाकट्या सुनेला म्हणाल्या, "अग, तांब्या मला जाऊन घेऊं दे. तूं आणून दिलास, तर माझीं दहा पावलें तुझ्या खात्यावर जातात." त्या दिवसापासून तांब्या मुद्दाम स्वयंपाकघरांत राहूं लागला, आणि सेवा करणारे हात मागें बांधून बसावयास शिकले. तें त्यांना फार जड गेलें.

काकूंच्या मनांत कार्तिकांत गोदास्नान करावयाचें होतें. तोंवर त्यांची काठी घरांत सुटली होती. बाहेर मात्र ती लागे. काळेश्वराचें दर्शन झालें. मग नदीकडे पायऱ्या उतरावयाच्या. 'चढतांना चांगला पाय आधीं, उतरतांना दुखरा आधीं,' असें पुटपुटत, एका हातीं काठी व दुसऱ्या हातीं मुलाचा दंड धरून त्या तीन पायऱ्या उतरल्या. पुढच्या पायऱ्या ओल्या होत्या. काकू थांबल्या. कोणी आग्रह केला नाहीं, कोणी अडविलेंही नाहीं. त्यांनीं सुनेकडून तांब्याभर पाणी आणविलें, तें डोळ्यांना लावलें आणि म्हणाल्या, "उरलेल्या पायऱ्या कोठें पळून जात नाहींत." मग चांगला पाय आधीं टाकून त्या वर चढल्या.

ज्यांच्या घरीं असा प्रसंग येईल, त्यांनीं विष्णुपुरीसच यावें असें नाहीं. सपाट रस्ता सर्वत्र मिळतो. रुग्णाला उंच खुर्ची द्यावी, न्हाणीघरांत धरावयास दांडा बसवावा, ओली फरशी पुसून कोरडी ठेवावी. आणि तांब्या थोडा दूर ठेवावा.