आत्याच्या पंच्याहत्तरीचं पुस्तक

माझी आत्या टोरांटोत मुलाकडे असते. डोळ्यांच्या पडद्याचं दुखणं आहे, त्यामुळे छापील अक्षर तिला लागत नाही, आणि जाड पुस्तक फार वेळ हातात धरवत नाही. आतेभावाने तिला ई-रीडर घेऊन दिला. त्यावर अक्षर बोराएवढं करता येतं, उजेड डोळ्यांत जात नाही. पण त्यात होती ती सगळी इंग्रजी पुस्तकं. म्हणून तिच्या पंच्याहत्तरीला मराठी कादंबरी पाठवायची, असं मी ठरवलं.

पुण्यात बसूनच एका मराठी दुकानातून ई-बुक घेतलं. १८० रुपये भरले, आत्याचा ई-मेल दिला आणि वाढदिवशी फोन केला.

"अगं, पुस्तक आलंय असं दाखवतंय, पण उघडत नाही."

ते पुस्तक त्या दुकानाच्या ॲपमध्येच उघडायचं, आणि आत्याच्या रीडरवर ॲप टाकताच येत नव्हतं. तिने ते फोनवर उघडलं, पण दहा मिनिटांत डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मला ते फार लागलं. ज्या डोळ्यांना सुख व्हावं म्हणून पाठवलं, त्यांनाच त्रास.

माझा रीडर आणखी वेगळ्या कंपनीचा. तिथून भेट पाठवता येत होती, पण घेणाऱ्याचं खातं त्याच देशातल्या दुकानात हवं. मग आतेभावाकरवी तिच्या रीडरच्या दुकानाचं गिफ्ट कार्ड घेतलं, तर तिथे ती कादंबरीच नव्हती.

ईपब हे ई-पुस्तकाचं खुलं रूप २००७पासून आहे आणि बहुतेक रीडर ते वाचतात. अडतं ते डीआरएमच्या कुलुपापाशी. चोरून नक्कल होऊ नये म्हणून विक्रेता पुस्तकाला कुलूप घालतो, आणि ज्याची त्याची किल्ली वेगळी. कुलूप तोडायचं आतेभावाने सुचवलं, मी नको म्हटलं. लेखकाचा पैसा बुडू नये हे मला मनापासून पटतं. पण पैसे मोजून घेतलेलं पुस्तक मला माझ्याच आत्याला देता येत नसेल, तर मी विकत नेमकं काय घेतलं?

मग 'श्यामची आई' आठवलं. साने गुरुजी १९५० साली गेले. आपल्या कायद्याने लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी पुस्तक सर्वांचं होतं, म्हणजे २०११पासून ते मोकळं आहे. त्याची बिनकुलुपाची ईपब आतेभावाने केबलने रीडरवर चढवली. उघडून बघतो तर अक्षरांच्या जागी नुसते चौकोन! रीडरमध्ये देवनागरी फाँटच नव्हता. तेव्हा कॅलिबर कामी आलं. सोनीचा रीडर लिनक्सवर चालेना, म्हणून कोविद गोयल यांनी २००६ साली लिहायला घेतलेलं हे मोफत सॉफ्टवेअर. त्यातून 'मुक्ता' हा मुंबईच्या एक टाइपचा फाँट मी फाइलमध्येच बसवला आणि फाइल पुन्हा पाठवली. यात चार संध्याकाळी गेल्या.

पाचव्या दिवशी पहाटे फोन वाजला. माझी झोपेची वेळ आहे, याचंही आत्याला भान नव्हतं. "र आणि य नीट जोडलेत गं," म्हणाली, आणि 'रात्र पहिली' मला फोनवरच वाचून दाखवायला लागली. मधे थांबली नाही, की चष्मा शोधायला उठली नाही. वडील गेल्यापासून घरात असं मोठ्याने वाचणारं कुणी राहिलेलं नाही.

आता ती रोज एक रात्र वाचते. मिसिसॉगाच्या तिच्या मैत्रिणीकडे किंडल आहे. २०२२पासून किंडलला ई-मेलने ईपब पाठवता येते, त्यामुळे आतेभावाने तीच फाइल तिलाही धाडली. दोघी दुपारी फोनवर आदल्या रात्रीबद्दल बोलतात. ती कादंबरी मात्र अजून आत्याच्या नावावर त्या ॲपमध्येच आहे.